झेंडूआड गेलेली नळी

आंबेनळी घाटाखालच्या वाडीतला गणू अर्धं आयुष्य मुंबईच्या खानावळीत राबून परत आला, तो महाडच्या एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या युनिटवर. कोळशापासून काढलेलं काळं, उग्र तेल आम्ही हायड्रोजन मिसळून, तापवून, दाबाखाली शुद्ध करतो आणि त्याचं डिझेल बनवतो. त्याचा वास इतका चिवट, की गणूची बायको शकू त्याला आधी न्हाणीत पाठवते, मग बोलते. तरी गडी खूश. "घरचं जेवान हाय, आनि काय पायजे?" म्हणतो.

यंदाची चाचणी मात्र शेवटची होती. डिझेल पास झालं नाही तर युनिट बंद आणि गणूची पुन्हा मुंबई.

नेमका मध्येच दसरा आला. चालू युनिटवर उदबत्तीसुद्धा पेटवता येत नाही, म्हणून गणूने सगळी भक्ती झेंडूवर काढली. पंप म्हणू नका, व्हॉल्व्ह म्हणू नका, सगळे नवरदेव! तेल आणि पाणी वेगळं होतं त्या टाकीला एक काचेची नळी आहे, तिच्यात पाण्याची पातळी दिसते. तिच्यावरही जाडजूड हार. आम्ही सगळे हात जोडून पुढे गेलो. आत पाणी चढत राहिलं, तेलाबरोबर पुढे गेलं आणि बाटलीत डिझेल आलं ते ताकासारखं गढूळ.

गणू मटकन खाली बसला. "मॅडम, माज्यामुलं झालं. मला काडा, पन चाचनी थांबवू नका."

आमच्या प्रमुख शर्मिला मॅडम तापट. आता याची खैर नाही, असंच वाटलं. त्यांनी हार स्वतः उतरवला. "नमस्कार मीही केला, गणूभाऊ. नळी मीही बघितली नाही. उठा, पाणी सोडा."

पाणी काढलं, गढूळ माल परत फिरवला, नव्याने गाळला. वरच्या साहेबांना मॅडमनी फोनवर 'चूक माझी' एवढंच सांगितलं. अशी माणसं भेटतात म्हणून नोकरीत जीव रमतो, हे मी कुणालाही सांगेन.

डिझेल पास झालं. त्यावर युनिटचा जनरेटर सुरू झाला, तेव्हा गणूने घरी फोन लावला.

"शकू, भात कापाया मानसं बगू नको. मी हाय."

फोन तसाच कानाशी धरून त्याने मॅडमकडे पाहिलं आणि मोकळा हात कपाळाशी नेऊन नमस्कार केला.