कडूकंदाचा पहिला घास

मी पिशवीत सोया सॉसची बाटली घातली, तेव्हा बायकोने बजावलं, "लोकांच्या चुलीपाशी लुडबुड करू नकोस." मी मूळचा भित्रा माणूस, परगावी उकळल्याशिवाय पाणीही पीत नाही. पण पंधरा मिनिटांत होणारं चिकन आणि ताज्या भाज्यांचं परतवण, एवढी एकच गोष्ट मला जमते. ती मिरवायची हौस होती.

डहाणू रोडला उतरून बिनहाडाचं चिकन घेतलं. सरावलीहून भाजी घेऊन आलेल्या बाईकडे सिमला मिरची होती. "ताजी आहे ना?" मी दोनदा विचारलं. "सकाळीच तोडलीय हो, अजून दव हाय तिच्यावर," ती वैतागून म्हणाली. मग कोबी, गाजर, आलं घेतलं आणि सायवनच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसलो. पुण्यात माझ्यासोबत नोकरीला असलेला रमेश सुट्टीवर घरी आला होता. त्याच्या पाड्यावर (वस्तीवर) माझा मुक्काम होता.

रमेशची आयस (आई) ओढ्यावर गेली होती, रमेश लाकडं आणायला. म्हातारे वडील पडवीत डुलक्या घेत होते. मी चूल ताब्यात घेतली. तेल कडकडीत तापवलं, आलं-लसूण, हिरवी मिरची, चिकन, मग भाज्या. कढई जरा रिकामी वाटली. पडवीत दोन टोपल्यांत पिवळसर चकत्या दिसल्या, उकडलेल्या सुरणासारख्या. मूठभर उचलल्या आणि टाकल्या. वर सोया सॉस.

रमेश आला. घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी, म्हणून मी म्हाताऱ्यांना वाढलं. ते तांदळाच्या भाकरीसोबत भराभर जेवले. तेवढ्यात आयस आली आणि ताटाकडे बघून उभीच राहिली.

"यो कंद कोणी टाकला?"

रमेशचा चेहरा उतरला. तो कडूकंद होता. चकत्या राख घालून शिजवायच्या, मग टोपली रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायची, तेव्हा त्याचं विष उतरतं. एक टोपली ओढ्यातून आलेली होती. दुसरी नुसती शिजवलेली, पाण्यात ठेवायची राहिलेली.

"कुठल्या टोपलीतला घेतलास?" त्याने विचारलं.

मला आठवेना. खरंच आठवेना. पडवीत जाऊन बघितलं, दोन्ही टोपल्या सारख्याच दिसत होत्या.

"बाबा, कडू लागला का?"

"तिखट लागला," म्हातारे म्हणाले. आल्यामिरचीत कडूपणा कुठला कळायला! दवाखाना तासाभराच्या वाटेवर. रमेश मोटरसायकल मागायला धावला.

आयसने कढईतली एक चकती काढली, पाण्याने धुतली.

"आयस, नका! मी खातो, चूक माझी आहे."

"तुला काय कळल? कापला मी, पयला घास माझा." ज्याने कंद कापला, त्याने आधी खायचा आणि थांबायचं, अशी त्या घरची रीत. तिने चकती तोंडात टाकली, डोळे मिटून सावकाश चावली आणि गिळली.

आम्ही बसून राहिलो. रमेश गाडी दारात लावून आत आला आणि कोणाला जळजळ झालीच तर लगेच निघायचं म्हणून किल्ली हातात धरून बसला. मी तिच्या गळ्याकडे बघत होतो. म्हाताऱ्यांनी ढेकर दिला तर मी दचकून उठलो. उंबऱ्यावरचं ऊन पार चुलीपर्यंत सरकलं. मला भलतंसलतं सुचत होतं. या दोघांना काही झालं तर रमेशला तोंड कसं दाखवू?

शेवटी आयसने पाणी मागितलं. चूळ भरून म्हणाली, "जळजळ नाय, मळमळ नाय. ओढ्यातलाच हाय. जेवा."

म्हाताऱ्यांनी ताट पुढे केलं. "मंग वाढ अजून."

सगळे हसले. मी मात्र भाकरी नुसती मोडत बसलो.

दुसऱ्या दिवशी परत निघालो, तेव्हा आयसने भाकऱ्या बांधून दिल्या. टोपल्यांचं नावही काढलं नाही. आता घरी कढई उतरली की पहिला घास मी खातो आणि जरा वेळ कोणाला वाढत नाही. मुलं कुरकुरतात. बायकोला मी सायवनचं सगळं सांगितलंय, एक गोष्ट सोडून. "मी खातो," असं म्हणालो, तेव्हा माझा हात मांडीवरून हललाही नव्हता.