उद्याच्या साखरपुड्याची इमरती

उद्या पुतणीच्या साखरपुड्यात दुकानातली इमरती नसेल. तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या दिरांनी, तासाभरापूर्वी ऑर्डर रद्द केली.

आमच्या घरी व्याह्यांपुढे ठेवायची मिठाई आधी मी चाखते. दुपारी क्रांती चौकाजवळच्या नेहमीच्या दुकानात एक इमरती खाल्ली, छान म्हणाले आणि हात धुवायला आत गेले.

आत मालक कढईतल्या काळपट पाकातून मेलेल्या गांधीलमाश्या झाऱ्यानं काढत होते. शेजारच्या परातीतल्या कालच्या कडक इमरत्या मग त्याच पाकात बुडवत होते.

"काका, हे काय?"

"पाक खराब होत नसतोय ताई. माशी काढली की झालं."

"आणि मी आत्ता खाल्ली ती?"

"ह्यातलीच की. तुम्हीच छान म्हणलात ना?"

तेव्हापासून तीनदा दात घासले, तरी जिभेवर पाय वळवळल्यासारखे वाटतात.

तुम्ही कधी नेहमीच्या दुकानात आत डोकावलात का?

सासूबाईंनी उडदाची डाळ भिजत घातली आहे. पहाटे त्या स्वतः इमरती तळणार, आणि पहिली मलाच चाखावी लागणार.