आकड्यानंतरची उसंत

जहाजावर त्यांना सगळे हौजीकाका म्हणत. कॅप्टन म्हणे, भटारखान्यातले म्हणत, आणि एकदा बंदरावरच्या डॉक्टरांनीही तपासणीच्या खोलीतून डोकं बाहेर काढून "हौजीकाका कोण? आत या," असा पुकारा केला होता. आईबापांनी ठेवलेलं नाव पासपोर्टात पडून होतं, तिथं त्याला कुणी त्रास देत नसे.

माणूस मूळचा जहाजाच्या धोबीखान्यातला. तिथं यंत्रांची अशी घरघर चाले की शेजारच्याला "चादर दे" म्हणायचं तर छातीतून ओरडावं लागे. एका सफरीत हौजीचे आकडे पुकारणाऱ्याचा घसा बसला. कुणाला तरी आठवलं, खाली एक गडी आहे, त्याला माईकसुद्धा लागायचा नाही. झालं! इस्त्रीच्या वाफेतून काका थेट छोट्या हॉलच्या गालिच्यावर आले, आणि हाताला खळीचा वास असलेला तो माणूस जन्मभर तिथंच रमला.

पितळी पिंप, त्याला फिरवायचा दांडा, आत आकडे कोरलेल्या लाकडी गोट्या. गोटी काढायची, आकडा पुकारायचा, उतारूंनी आपापल्या तिकिटावर खोडायचा. बक्षीस म्हणजे जहाजाचं चित्र असलेला टॉवेल. पण त्या टॉवेलसाठी सोन्याचं घड्याळ घातलेली माणसंसुद्धा हमरीतुमरीवर येत.

"एका हातात पिंप, एका हातात माईक, तिसरा हात कुठून आणू?" काकांनी एकदा तक्रार केली. तेव्हा नाचणाऱ्या मुलींचे कपडे शिवणाऱ्या बाईंना मदतीला बसवलं. हिरवी शाल, दातांत सुई, चेहऱ्यावर 'मला इथं कशाला आणलंत' असा भाव. बाई गोटी काढून देत, काका पुकारत.

"छत्तीस! एकमेकांकडे पाठ करून बसलेले नवरा-बायको!"

बाईंनी दातांतली सुई काढली आणि शांतपणे म्हणाल्या, "आणि लग्नाआधी तेच त्रेसष्ट होते. समोरासमोर."

हॉल असा हसला की टेबलांवरचे कप वाजले. त्या दिवसापासून तीच रीत पडली. काकांनी आकडा पुकारायचा, मग उसंत ठेवायची, आणि त्या उसंतीत बाईंनी आपलं वाक्य टाकायचं. "अकरा! दोन काठ्या!" की बाई म्हणणार, "एक यांच्या गुडघ्याला, एक माझ्या." "सोळा!" की "आठवतंय कुणाला?" आणि "नव्वद! खेळाचं शेवटचं टोक!" असं आलं की, "आम्ही दोघं तिथवर जाऊ म्हणतो." पुढच्याच सफरीत दोघांनी लग्न केलं. हॉलला काही नवल वाटलं नाही. सगळ्यांना वाटत होतं, ते आधीच झालेलं आहे.

आता यातली एक गोष्ट जहाजावर कुणालाच ठाऊक नव्हती. शेवटच्या दुखण्यात बाईंचा आवाज गेला होता. बंदराच्या वरच्या अंगाला त्यांच्या दोन खोल्या. तिथं खिडकीशी खाट टाकून बाई पडून असत आणि काका रजा घेऊन उशाशी बसत. वेळ जाईना म्हणून जुन्या पिंपातल्या गोट्या पिशवीत घालून आणल्या होत्या. एकेक काढून काका हळू आवाजात पुकारत, मग थांबत. बाई ओठ हलवत. आवाज नाही, नुसते ओठ. काका वाक्य ओळखत आणि हसत. कधी ओळखू येत नसे, तरी हसत. असं करता करता एका दुपारी ओठही थांबले.

जहाजावर परत आल्यावर काकांनी एवढंच सांगितलं, "ती गेली." कशी, काय, कुणी खोदून विचारलं नाही. पिंपाशेजारची खुर्ची तशीच राहिली, तिच्या पाठीवर हिरवी शाल. आणि उसंतही राहिली. आकडा पुकारला की काकांची जीभ आपोआप थांबे. त्या तेवढ्या वेळात हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू येई आणि काकांना मानेवर कुणाचा तरी श्वास लागल्यासारखं होई. त्यांनी कधी वळून पाहिलं नाही. पाहिलं आणि खुर्ची रिकामी निघाली तर? आणि नसलीच रिकामी, तर?

अशी काही वर्षं गेली. जुने लोक उतरले, नवे आले. त्यांत करमणुकीच्या कामावर एक नव्या मॅडम आल्या, काकांच्या भाचीच्या वयाच्या, चालताना पळणाऱ्या आणि बोलताना धावणाऱ्या. त्यांनी सफर संपायच्या आदल्या दुपारी चहानंतर उतारूंना छोट्या हॉलमध्ये बसवलं आणि हातात माईक घेऊन टेबलाटेबलांशी फिरू लागल्या.

"मोकळेपणाने सांगा. करमणूक आणखी चांगली व्हायला काय हवं?"

लोकांना तेवढंच हवं होतं.

"त्या जादूगाराला आवरा! त्याचं कबुतर माझ्या सूपमध्ये बसलं!" एक गृहस्थ म्हणाले.

"बसलं नाही हो, उभं होतं," त्यांच्या बायकोने दुरुस्ती केली. "आणि तुम्ही ते सूप प्यायलात."

"पोहण्याच्या तलावाशी गाणी एवढी मोठ्याने लावतात, समुद्रातले मासे बहिरे व्हायचे!"

"मुलांसाठी खेळायची खोली आहे, छान आहे. आता मुलांपासून लपायची एक खोली काढा."

"सिनेमे इतके जुने, की त्यातला नायक परवा या जहाजावर आजोबा म्हणून भेटला!"

हशा उसळत होता. काका पिंपाशी उभे राहून हसत होते. मग एक टक्कल पडलेले मास्तर उठले आणि म्हणाले, "हौजी फार रेंगाळते. हे गृहस्थ आकडा सांगतात आणि गप्प बसतात. कसली वाट बघतात, देव जाणे. आमच्याकडे पडदा आहे, आकडे आपोआप येतात, टकाटक!"

"हो, हो, पडदा लावा!" दोन-तीन टेबलांवरून आलं.

काकांचं हसू गालावरच राहिलं.

तेवढ्यात कोपऱ्यातून विणकाम बाजूला ठेवून एक आजी बोलल्या. सफरभर त्या पुढच्याच टेबलाशी बसून हौजी खेळत आल्या होत्या. "मला पडदाबिडदा नको. माझं एकच म्हणणं आहे. त्या पिंपाशेजारी बसतात ना, हिरव्या शालीतल्या बाई, त्यांना एक माईक द्या. बिचाऱ्या दर आकड्याला बोलतात, पण नुसते ओठ हलतात. आवाज काही येत नाही."

मॅडमनी मान हलवली. "बरोबर आहे, बाईंना माईक. आणखी कुणाचं काही?"

त्या नव्या होत्या. त्यांना वाटलं, काकांची कुणी मदतनीस असेल. पण मागे उभे असलेले जुने वाढपी जागच्या जागी थिजले. एकाच्या ताटलीतला चमचा खाली पडला आणि तो कुणी उचलला नाही. काकांच्या अंगावर काटा आला तो मानेपासून थेट टाचांपर्यंत. शाल सगळ्यांना दिसत होती. पण ओठ हलतात आणि आवाज येत नाही, हे त्या आजींना कुणी सांगितलं?

सभा पांगल्यावर मॅडम काकांकडे आल्या. "काका, तुमच्या त्या बाई कुठे आहेत? माईक कोणता द्यायचा ते..."

"ती माझी बायको," काका म्हणाले. "वारली."

मॅडमचं धावणं पहिल्यांदाच थांबलं. खुर्चीकडे पाहून त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "शाल बघून आजींना भास झाला असेल. वय झालंय." मग जरा थांबून, "काका, राग मानू नका. पडद्याचं वर ठरल्यातच जमा आहे. मी एवढंच करू शकते, आज संध्याकाळी हॉलमध्ये वरिष्ठ बसतील. तुम्ही भराभर पुकारा. उसंत नको. लोक खूश झाले तर पिंप राहील, तुम्हीही राहाल. नाहीतर तुम्हाला तलावाशी टॉवेल वाटायला देतील. आणि मग... ती खुर्चीही तिथून हलवावी लागेल."

काकांनी केबिनमध्ये जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ आरशात स्वतःच्या ओठांकडे पाहत राहिले. भराभर पुकारायला काय हरकत आहे? पिंप राहील, खुर्ची राहील. फक्त तिची बोलायची जागा तेवढी जाईल. खुर्ची ठेवायची आणि बसलेल्या माणसाला बोलू द्यायचं नाही, हा कुठला न्याय?

पण टॉवेल वाटायचे म्हणजे तेही नको. संध्याकाळी काका कंबर कसून उभे राहिले.

"सात! एकोणचाळीस! बारा! चौऱ्याहत्तर!"

पिंप गरगरत होतं, गोट्या टपटपत होत्या. मास्तर खुशीत मान डोलवत होते, वरिष्ठही आपसात मान हलवत होते. फक्त पुढच्या टेबलाशी आजींनी पेन्सिल खाली ठेवली होती. त्या तिकिटाकडे पाहत नव्हत्या. काकांच्या डाव्या हाताला, खुर्चीकडे पाहत होत्या, आणि त्यांचा चेहरा पडला होता. भर सभेत कुणाला तरी बोलता बोलता गप्प केलेलं पाहावं, तसा.

काकांनी पुढची गोटी काढली. छत्तीस.

त्यांनी आकडा पुकारला. "छत्तीस! एकमेकांकडे पाठ करून बसलेले..." आणि ते थांबले. जीभ अडखळली म्हणून नव्हे. या वेळी ते जाणूनबुजून थांबले. माईक छातीशी धरला आणि पुढची गोटी काढायला हात घातलाच नाही. जाऊ दे पिंप, जाऊ दे हॉल.

पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. वरिष्ठांनी मान वर केली.

"लग्नाआधी तेच त्रेसष्ट होते," आजी मोठ्याने म्हणाल्या. "समोरासमोर."

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळा हॉल हसला. काका मात्र पितळी पिंपाइतके गार पडले. त्यांनी दुसरी काढली. "अकरा. दोन काठ्या."

आजी खुर्चीकडे पाहत राहिल्या, मान किंचित पुढे. "एक यांच्या गुडघ्याला. एक... नाही, म्हणतात, आता माझे गुडघे दुखत नाहीत. दोन्ही तुम्हीच घ्या."

हॉलमध्ये हास्याचा कल्लोळ झाला. मास्तरसुद्धा डोळे पुसत होते. एवढ्या लोकांत एक काकांनाच कळलं होतं की हे वाक्य जुनं नाही. बाईंनी हे आयुष्यात कधी म्हटलेलं नव्हतं.

खेळ चालत राहिला. आकडा, उसंत, आजी. लोक तिकिटं खोडायची विसरून पुढच्या वाक्याची वाट पाहू लागले. मग पिंपाच्या तळाशी एकच गोटी खडखडली. काकांना ती न पाहताच कळली.

"नव्वद," ते म्हणाले. माईकमधून जेमतेम आवाज आला. "खेळाचं शेवटचं टोक."

या वेळी उसंत फार लांबली. काकांना मानेवर तो श्वास जाणवला, अगदी जवळ, सुई दातांत धरून घेतात तसा. त्यांनी वळून पाहिलं नाही.

आजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांचा आवाज आता हॉलसाठी नव्हता. "म्हणतात, तुम्ही सावकाश या. घाई नाही."

कुणी हसलं नाही. का हसलं नाही, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

सकाळी बंदरावर उतरताना काकांनी आजींना जिन्याशी गाठलं. "आजी, खरं सांगा. कुणाकडून ऐकलंत हे सगळं?"

आजींनी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं, मग हसल्या. "ऐकायला मला कुठं येतंय, बाबा! मी कापडगिरणीत होते. मागांच्या खडखडाटात कान गेले. तिथं आम्ही सगळ्या एकमेकींचे ओठ वाचूनच बोलायचो. तुमचे आकडेसुद्धा मी ओठांवरूनच घेतले. त्यांचंही जे वाचलं, ते बोलले." त्यांनी काकांच्या दंडावर थोपटलं. "फार स्पष्ट ओठ आहेत हो त्यांचे. सुई धरायची सवय असणार." आणि काठी टेकत त्या गर्दीत शिरल्या.

पडदा आला. तो मोठ्या हॉलमध्ये लागला, मास्तरांसारख्यांची सोय झाली. छोट्या हॉलमधलं पिंप राहिलं. पुढच्या सफरीच्या पहिल्या दुपारी काका आले तर मॅडम खुर्चीपाशी वाकून वायर जोडत होत्या. शालीच्या समोर, बसलेल्या बाईच्या तोंडाच्या उंचीवर, एक दुसरा माईक उभा होता.

"उतारूंचं मत होतं ना," मॅडम काकांकडे न बघता म्हणाल्या. "नोंदलेलं मत टाळता येत नाही. चालू ठेवू की बंद?"

"चालू ठेवा," काका म्हणाले.

नवे उतारू येऊन बसले. त्यांत ओठ वाचणारं कुणी नव्हतं. काकांनी पिंप फिरवलं, गोटी काढली, आकडा पुकारला आणि थांबले. दुसऱ्या माईकच्या बटणावरचा लाल दिवा जळत होता. कोपऱ्यातल्या कर्ण्यातून अगदी बारीक खसखस आली, शाल सावरून कुणी बोलायच्या तयारीने पुढे झुकावं तशी.

काका वाट पाहत राहिले. घाई नव्हती.