ट्रकाएवढं फुलपाखरू

मुलांसाठी लिहिणाऱ्याला आपल्याकडे कोणी लेखक समजत नाही. मुलांची पुस्तकं छापणारा मात्र स्वतःला थेट राष्ट्राचा शिल्पकार समजतो. असा एक शिल्पकार माझ्या वाट्याला आला. त्याचं नाव घेऊन मी तोंड खराब करणार नाही.

मी पेडण्याचा. दिवसभर तुयेतल्या कारखान्यात नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात गोष्टी लिहितो. बहीण खाणपट्ट्यातल्या सुर्ल्याला दिलेली. तिचं घर रस्त्याला लागून, आणि त्या रस्त्यानं खनिजाचे ट्रक जातात. तिची मुलगी शाळेतून आली की ओलं फडकं घेऊन दारातल्या जास्वंदीचं एक पान पुसायची. ट्रक गेला की धुळीनं पान लाल, की पुन्हा पुसायची. काळोख पडेपर्यंत ते एक पान हिरवं राखायचं, हा तिचा खेळ. मी त्याचीच गोष्ट केली. "तुजें घर पुस्तकांत येतलें," असं तिला सांगितलं, तर तिनं वर्गभर करून टाकलं. इतक्या मनापासून मी आजवर काही लिहिलं नव्हतं.

प्रकाशकांनी चष्मा कपाळावर चढवून गोष्ट चाळली.

"गोड आहे. पण बोध?"

"बोध नाही. पोरगी एक पान हिरवं ठेवते, एवढंच."

"अहो, पालक पुस्तक घेतात ते संस्कारासाठी. आणि हे ट्रक कशाला? बालमनावर ओझं होतं."

बालमनाविषयी हे गृहस्थ तासभर बोलू शकत. त्यांच्या ऑफिसात एखादं पोर शिरलं, तर मात्र शिपाई आधी पुस्तकांचं कपाट बंद करी. ट्रक काढणार नाही, असं मी स्वच्छ सांगितलं. "बघू, बघू," म्हणत त्यांनी चहा मागवला. तो चहा मी होकार समजून प्यायलो.

छापील प्रती आल्या. एकही ट्रक नव्हता. चित्रात ट्रक होता तिथे फुलपाखरू चिकटवलं होतं, ट्रकाएवढंच. पण बाकीचं चित्र पुन्हा रंगवायचा त्यांना कंटाळा, त्यामुळे धूळ तशीच राहिली. झाडं लाल, भिंती लाल, अंगण लाल. मग एवढी धूळ आली कुठून? त्याचीही सोय या विद्वानांनी परस्पर केली होती. पोरगी आळशी, झाडत नाही, पुसत नाही. शेवटी आई रागावते, पोरगी फडकं घेते आणि सगळं हिरवंगार होतं. खाली चौकटीत बोध: आपले अंगण आपणच स्वच्छ ठेवावे. आणि मागच्या कव्हरवर एका ट्रकमालकाची जाहिरात, बालमित्रांना शुभेच्छांसह.

मी फोन केला.

"अभिनंदन!" पलीकडून आवाज आला. "शाळांनी उचललंय पुस्तक. स्वच्छतेच्या कार्यक्रमात वाटतायत."

असल्या माणसावर शिव्या वाया घालवू नयेत, पण मी घातल्या. पेडण्यातल्या ठेवणीतल्या होत्या. त्याला त्या आशीर्वादासारख्या वाटल्या असाव्यात, कारण त्यानं लगेच पुढचं पुस्तक मागितलं.

रविवारी सुर्ल्याला गेलो. बहिणीनं पाणीसुद्धा विचारलं नाही.

"दिसाक तीन फावट घर झाडटां हांव. आनी तुवें आमकां बुरशीं म्हणून छापलीं?"

तुम्हाला घाणेरडं प्रकाशकानं ठरवलं, मी नाही, असं म्हणत मी त्याला पुढे केलं.

"पुस्तकार नांव तुजें आसा," ती म्हणाली आणि आत गेली.

भाची सोप्यावर अभ्यास करत होती. शेजारी ते पुस्तक होतं, शाळेनं तिलाही दिलेलं. त्याला तिनं खाकी कव्हर घातलं होतं. एरवी या पोरीच्या एकाही वहीला कव्हर टिकत नाही.

"ह्याच पुस्तकाक कव्हर कित्याक गो?"

"वर्गांत सगळीं म्हाका आळशी म्हणटात," ती मान वर न करता म्हणाली. "आनी तुजें नांव दिसता."

मला त्या क्षणी तो शिल्पकार समोर हवा होता.

इतक्यात रस्त्यानं ट्रक गेला. जास्वंदीचं झाड मुळापासून शेंड्यापर्यंत लाल होतं, त्यावर आणखी एक थर बसला. पोरगी जागची हलली नाही. मीच उठलो, कठड्यावरचं वाळून कडक झालेलं फडकं उचललं आणि झाडाकडे निघालो.

"पुसूं नाका, मामा," ती मागून हळूच म्हणाली. "लोक हांसतले."