तीन पिंपं गाळ

दगड कापायच्या त्या कारखान्यात बारा कारागीर होते आणि एक फिटर. फिटरला खऱ्या नावाने हाक फक्त पगाराच्या दिवशी मारली जायची; एरवी तो सगळ्यांचा खटपट्या. नाव चुकीचं ठेवलंय असं त्याच्या बायकोलाही कधी वाटलं नाही. घरातला पंखा धड चालत असला तरी तो उघडून बघायचा, आणि मग मात्र पंखा बिघडायचा.

त्याचा थोरला भाऊ, दादा, तिथलाच मुख्य कारागीर. सव्वीस वर्षं तो ओट्यांचे आणि पायऱ्यांचे दगड कापत होता आणि एकही लादी त्याच्या हातून वाया गेली नव्हती. पाती कोरडी चालायची. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्यांच्या भुवया धुळीने पांढऱ्या व्हायच्या, आणि हे लोक एकमेकांना आजोबा म्हणून हाका मारत डबे उघडायचे.

त्या वर्षी दादाला घराच्या जिन्यात सातव्या पायरीवर थांबावं लागायला लागलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला.

"दगडाची धूळ बसलीय आत. बसलेली निघत नाही. निदान नवी तरी जाऊ देऊ नका. काम सोडा."

"काम सोडून करू काय? दारात बसून लोकांच्या चपला मोजू?" दादा म्हणाला आणि शर्टाची बटणं लावायला लागला. फोटो त्याने बघितलाच नाही. खटपट्याने बघितला, आणि त्याची झोप उडाली. बाप गेल्यावर ज्याने शाळा सोडून आपल्याला शिकवलं, तो आपल्या डोळ्यांदेखत गुदमरणार, हे त्याला सहन होईना. दादा काम सोडणार नसेल तर धुळीने काम सोडायला हवं, असा सरळ हिशेब त्याने केला.

भंगारातल्या दोन वॉशिंग मशिनचे पंप त्याने काढले. प्रत्येक पात्याच्या दोन्ही अंगांना तांब्याची बारीक नळी बसवली, कापताना पाण्याची धार बरोबर दगडावर पडेल अशी, आणि पाणी चालू-बंद करायला प्रत्येक कारागिरापाशी एक तोटी. खाली पन्हळ, आणि पन्हळीच्या टोकाला एकाला एक जोडलेली तीन पिंपं. पहिल्या दोन पिंपांत गाळ बसायचा, तिसऱ्यातलं निवळलेलं पाणी परत पंपात. "पाणी फुकट येतं काय रे?" असं मालक विचारणार हे ठाऊक असल्याने त्याचं उत्तर त्याने आधीच पिंपात भरून ठेवलं होतं. गाळात सिमेंट मिसळून फरशीचे ठोकळे पाडायचे, म्हणून लोखंडी साचेही केले. मालकाने हो म्हटलं, कारण त्याला खर्च काहीच नव्हता.

पहिल्या दिवशी पाती पाण्यात चालली आणि हवेत धूळ उडाली नाही. दुपारी कोणी आजोबा झालं नाही. खटपट्याची छाती अशी फुगली की बायको म्हणाली, "दारातून आडवे या."

चौथ्या दिवशी बघतो तर सगळ्या तोट्या बंद, आणि कारखाना पुन्हा पांढरा. त्याने तोट्या उघडल्या. त्याची पाठ फिरली की त्या बंद. समजावून झालं, हात जोडून झाले. पालथ्या घड्यावर पाणी. आणि सगळ्यात आधी तोटी बंद करायचा तो दादाच. शेवटी खटपट्या चिडला आणि पाना घेऊन त्याने बाराही तोट्या उघडून त्यांच्या मुठी काढून खिशात टाकल्या. आता बंद करा म्हणावं.

त्याच दिवशी दादाने एका ओट्याच्या लादीत बेसिनचं भोक बोटभर तिरकं कापलं. सव्वीस वर्षांतली पहिली लादी वाया गेली. दादाने ती लादी उचलून भिंतीशी नीट उभी केली, हात धुतले आणि दुपारीच घरी निघून गेला.

दोन दिवस भावाभावांत बोलणं नव्हतं. तिसऱ्या दिवशी खटपट्या वहिनीकडे जाऊन बसला.

"वहिनी, मी त्याच्याच जिवासाठी केलं ना?"

"केलंत हो भावजी. पण तुम्ही कधी दगड कापलाय?"

"नाही."

"खडूने रेघ मारतात आणि रेघेवरून पातं नेतात. तुमचं पाणी आलं की रेघ जाते. यांना काही दिसतच नव्हतं. पण तोंडाने सांगतील तर ते हे कसले? मला दिसलं नाही, असं तुमच्यापुढे म्हणायची लाज वाटली त्यांना."

पंप, नळ्या, पिंपं, सगळ्याचा विचार खटपट्याने केला होता. माणूस कापतो कसा, एवढं मात्र विचारलं नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या त्याने. सरळ कारखान्यात जाऊन त्याने सगळ्या मुठी परत बसवल्या. मग एक तुटकी लादी घेऊन तो स्वतः पात्यापुढे बसला. खडूची रेघ वीतभरही टिकली नाही. पेन्सिल दिसेना. रंगाची रेघ वाळेपर्यंत थांबायला कोणाला वेळ? शेवटी मुलीच्या चित्रकलेच्या पेटीतला पिवळा मेणखडू त्याने मागून आणला. मेणावरून पाणी ओघळून गेलं आणि रेघ जागच्या जागी राहिली.

दुसऱ्या दिवशी दादा कामावर आला तेव्हा खटपट्याने खडू त्याच्यापुढे धरला. "दादा, चुकलं माझं. आधी तुला विचारायला हवं होतं."

दादाने खडू घेतला, रेघ मारली, आणि स्वतःच्या हाताने तोटी उघडली. कापून झाल्यावर त्याने कडेवरून अंगठा फिरवला. "पेटीभर आण," एवढंच तो म्हणाला. त्यानंतर कोणाची तोटी बंद झाली नाही.

खटपट्याने पिंपं रिकामी करून नव्याने सुरुवात केली होती; आठवडा भरला त्या शनिवारी दुपारी ती उपसायची होती. खटपट्याने साचे ओळीने मांडले, सिमेंटची गोणी फोडली आणि हौसेने दादाला हाताला धरून आणलं. तिन्ही पिंपं तळापासून काठापर्यंत करड्या गाळाने भरली होती. निवळलेल्या पाण्याच्या पिंपातही तो शिरला होता.

"बघ, दादा. एका आठवड्याचा आहे हा."

दादाने पिंपात हात घातला. गाळ पिठासारखा मऊ होता. तो बोटांतून गळू देत दादा बराच वेळ उभा राहिला, मग जवळच्या दगडावर बसला.

"आठवड्याला तीन पिंपं," तो म्हणाला. "आणि मी सव्वीस वर्षं."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं खटपट्याने जन्मात पहिल्यांदा बघितलं. त्याने दादाच्या पाठीवर हात ठेवला तर आतली घरघर त्याच्या तळव्याला लागली. ती आता थांबणार नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. बाकीचे अकरा जण पात्यांपाशी उभे राहून बघत होते.

थोड्या वेळाने दादा उठला आणि त्याने थापी मागितली.

"सुकायच्या आत साच्यात भरू," तो म्हणाला. "सुकला की परत उडेल."