अकरा मिनिटांचा कॉल

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढलेल्या बाईंना सगळे ‘हॅलोताई’च म्हणायचे. निवृत्तीनंतर त्या धाकट्या बहिणीकडे राहायला आल्या, तरी फोन वाजला की पाठ ताठ करूनच बोलायच्या.

जुन्या एक्स्चेंजचं संग्रहालय झालं आणि मुलांसाठी तिथे एक गेम करायचं ठरलं. पडद्यावर दिवा लागला की दोरी उचलायची, योग्य भोकात खोचायची, तीन मिनिटं झाली की ओढायची. गेम करणारी मुलगी तो दाखवायला घरी आली. ताईंनी चष्मा पुसला, खेळायला बसल्या आणि सपशेल हरल्या.

“मावशी, तुम्ही दोरी ओढतच नाही!”

“अगं, माणूस बोलतोय ना अजून!”

“पण नियम तीन मिनिटांचाच होता ना?”

“होता. मीही पाळायचे. एकदा सोडून.”

मग त्यांनी सांगितलं. परगावी कामाला गेलेल्या एका मुलाने सहा वर्षांनी वडिलांना कॉल लावला होता. भांडून घर सोडलेलं. वडील “हॅलो” म्हणाले, मुलगा “मी बोलतोय” म्हणाला, आणि पुढे दोघांच्याही तोंडून शब्द फुटेना. लाइन मुकी झाली की दोरी ओढायची, असा हुकूम होता. ताईंनी कान दिला, तर दोन्हीकडून श्वास ऐकू येत होता. हात दोरीवर गेला, तो तसाच राहिला. मागे सुपरवायझर येऊन उभी. बाकीचे दिवे लुकलुकताहेत. अकराव्या मिनिटाला म्हातारा म्हणाला, “जेवलास का?”

ताईंना मेमो मिळाला. आतून स्वयंपाकघरातली बहीण बाहेर आली. “इतकी वर्षं मला बोलली नाहीस?”

“लोकांचं बोलणं बाहेर काढायचं नसतं गं. आता ती माणसंही नसतील म्हणून सांगितलं.”

गेमवाल्या मुलीला तो कॉल गेममध्ये हवाच होता. तिचे साहेब मात्र म्हणाले, “मुलं कंटाळतील. नुसती शांतता कोण ऐकेल?” ताई स्वतः ऑफिसात गेल्या, साहेबांच्या कानाला हेडफोन लावला आणि म्हणाल्या, “तुम्ही कोणाशी बोलायचं थांबलाय, त्याला आठवा.” साहेबांनी मिनिटभराने हेडफोन काढला आणि चाळीस सेकंदांच्या शांततेला होकार दिला. वडिलांच्या आवाजासाठी ताईंनी पाच माणसं नापास केली. शेवटी संग्रहालयाचा माळी पसंत पडला, कारण त्याला माइकसमोर बोलायची धास्ती वाटत होती.

पहिल्या दिवशी शाळेचा एक वर्ग आला. बहुतेकांनी पाचव्या सेकंदालाच दोरी ओढली. दोन वेण्यांच्या एका मुलीने मात्र दोरीवरचं बोट उचललं आणि मागच्या पोरांना दटावलं, “गप्प बसा रे, कोणीतरी आहे तिथे!” थोड्या वेळाने माळ्याचा घोगरा आवाज आला. “जेवलास का?”

ती मुलगी शेजारी उभ्या ताईंकडे वळली. “आजी, मग तो मुलगा काय म्हणाला?”

“ते मला नाही माहीत,” ताई म्हणाल्या. “तेव्हा मी हेडफोन काढून ठेवला होता.”