ताइफच्या घरात अबेके सापडली

केहिंदे माझ्याबरोबर जेद्दाच्या हॉस्पिटलात सुईणीचं काम करते. ती नायजेरियातल्या अबेओकुटाची, योरुबा. तिच्या आजीची धाकटी बहीण लग्नानंतर हजला आली ती इथेच राहिली. पुढे पत्रंही थांबली. आता तिचा ताइफमधला पत्ता मिळाला होता. "एकटीला धीर होत नाही," केहिंदे म्हणाली. मी गाडी काढली.

शुक्रवारी सकाळीच निघालो. मी हिंदू, मला मक्केत प्रवेश नाही, म्हणून तिला वळसा घालणारा रस्ता. अडीच तास तरी धरा. केहिंदे मुसलमान, तिला सरळ जाता आलं असतं. वाटेत दोन-दोन रियालचा चहा घेतला. मग अल हदाचा घाट. वळणावळणाला माकडं, तेव्हा काचा बंद ठेवा.

"तुमच्याकडे असे डोंगर आहेत?" मी विचारलं.

"आमचा एक मोठा खडक. अबेओकुटा म्हणजेच खडकाखालचं गाव. लढायांच्या काळात लोक त्याच्या कपारीत लपले, मग तिथेच वसले. माती लाल, पाऊस भरपूर."

मला माझं रत्नागिरी आठवलं.

ताइफच्या घरी मावशीआजीच्या मुलाने कॉफी दिली, पण त्याची नजर साशंक होती. "आईला आता काही आठवत नाही. बोलते ती फक्त अरबी."

केहिंदेने म्हातारीपुढे दोन्ही गुडघे टेकले. योरुबांमध्ये थोरांना नमस्कार असाच. ती योरुबात बोलत राहिली. म्हातारी नुसती बघत होती.

"खलास, पुरे आता, तिला त्रास नको," मुलगा म्हणाला.

तेव्हा केहिंदेने अबेओकुटातल्या आपल्या आजीला फोन लावला. त्यांच्यात प्रत्येक मुलीला वडीलधारे एक लाडाचं नाव देतात आणि त्याला जोडून घराण्याची स्तुती गातात. या स्तुतीला ओरिकी म्हणतात.

"अबेके," फोनमधून हाक आली आणि थरथरता सूर सुरू झाला. म्हातारीच्या हातातली जपमाळ थांबली. मध्येच आजीला खोकला आला. पुढची ओळ म्हातारीने म्हटली. मग त्यापुढचीही.

मुलगा खाली बसला. "हे नाव मी कधी ऐकलंच नाही. अर्थ काय?"

"जिचे लाड करायला मिळावेत म्हणून लोक विनवण्या करतात, ती," केहिंदे डोळे पुसत म्हणाली.

निघताना त्याने आम्हाला ताइफी गुलाब दिले आणि केहिंदेला "बहीण" म्हणाला.

घरी आल्यावर माझ्या मुलीला सगळं सांगितलं. तिने इंग्रजीत विचारलं, "तुझ्या पणजीचं नाव काय होतं?" मला ते माहीत नव्हतं. आईला स्पीकरवर फोन लावला.

"गोदावरी," आई म्हणाली, "पण घरात सगळे बकुळ म्हणायचे. का गं?"

मुलीने बकुळ हे नाव हळूच, मराठी उच्चारात, दोनदा म्हणून पाहिलं.